टायटॅनियमची कुऱ्हाड बांधावर चालली का?



या वर्षी दक्षिणेकडच्या बांधावरची वेडी बाभूळ दोन कुऱ्हाडींनी तोडली. एक आपली नेहमीची, ट्रकच्या कमानपाट्यातून लोहारानं घडवलेली. दुसरी टायटॅनियमची. ही दुसरी पुतण्यानं अमेरिकेतून आणली. दिवाळीला आला तेव्हा पिशवीतून काढून हातात दिली आणि म्हणाला, "तात्या, हलकी आहे. तुमच्या खांद्यासाठी आणली."

माझा उजवा खांदा तीन वर्षं झाली धरतोय. हात डोक्याच्या वर नेला की आत काहीतरी अडकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात घाव घालायची कामं बंद करा. आता शेतकऱ्यानं घाव घालायचं बंद करायचं म्हणजे बांध कुणी साफ करायचा? मजूर मिळत नाही, मिळाला तर वेड्या बाभळीला हात लावत नाही, काट्याचं भ्या. म्हणून पोरानं आणलेली वस्तू बघून मलाही खरंच आशा वाटली होती. निम्म्या वजनाची कुऱ्हाड म्हणजे निम्मा त्रास, असा माझा सरळ हिशोब. तो हिशोब चुकला. कसा चुकला ते सविस्तर लिहितो, कारण "टायटॅनियम" हा शब्द आता आपल्याकडच्या अवजारांच्या जाहिरातीतही घुसलाय.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. तिकडे हिला टोमॅहॉक म्हणतात. हे नाव आपण क्षेपणास्त्राचं म्हणून बातम्यांत ऐकतो, पण मूळ शब्द अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, एका हातानं चालवायच्या लहान कुऱ्हाडीचा. आधी त्यांची कुऱ्हाड दगडाच्या पात्याची होती. युरोपातले व्यापारी आले, त्यांनी कातड्यांच्या बदल्यात लोखंडी पाती दिली. ती पाती कशी बनवायचे ते वाचून मला आमच्या गावच्या जुन्या लोहाराची आठवण झाली. मऊ लोखंडाची पट्टी दुमडायची, दुमडीत दांड्यासाठी नेढं ठेवायचं, आणि तोंडाला पोलादाचा तुकडा तापवून जोडायचा. अंग मऊ, धार कडक. आपल्याकडेही कमानपाटे यायच्या आधी कुऱ्हाडी अशाच व्हायच्या. पोलाद महाग, म्हणून ते फक्त तोंडाला. समुद्राच्या दोन बाजूंना दोन लोहार एकच अक्कल चालवत होते.

पुढं तिकडच्या सैन्यात ही कुऱ्हाड परत आली. व्हिएतनामच्या लढाईच्या वेळी, १९६० च्या दशकात, पीटर लागाना नावाच्या माणसानं पोलादी टोमॅहॉक बनवून सैनिकांना विकली. त्यानंतर हळूहळू टायटॅनियमच्या निघाल्या. सैनिकाच्या पाठीवर आधीच मणभर ओझं. त्याला दिवसातून एखादवेळी दरवाजा उचकटायचा, काच फोडायची, एखादी फांदी तोडायची. बाकी वेळ ती कमरेला लटकत राहणार. वापर घटकाभर आणि ओझं दिवसभर, अशा कामाला हलकी वस्तू बरोबरच. आपलं उलटं आहे. कुऱ्हाड घरातून बांधापर्यंत न्यायला पाच मिनिटं आणि घाव घालायचे सकाळभर.

आता वजनाचं बघा. एक लिटर पाणी एक किलो भरतं. तेवढ्याच मापाचं लोखंड भरतं पावणेआठ किलोच्या थोडं वर, आणि टायटॅनियम भरतं साडेचार किलो. म्हणजे त्याच आकाराची वस्तू निम्म्याहून जराशी जास्त. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघितलं. माझी मोठी कुऱ्हाड दांड्यासकट पावणेदोन किलो. पुतण्याची ६७० ग्रॅम, तिचा दांडा आणि पातं एकाच जाड पत्र्यातून कापलेलं, मुठीला दोरी गुंडाळलेली, मागच्या बाजूला चोचीसारखं टोक. पण मोठ्या कुऱ्हाडीशी तिची बरोबरी लावणं बरोबर नाही, दांडा आखूड आहे. म्हणून घरातली काटक्या फोडायची हातकुऱ्हाड काढली, ती एक किलो पन्नास ग्रॅम भरली. पातं साधारण तेवढंच, दांडाही जवळपास तेवढाच. ही जोडी मला रास्त वाटली.

दोन सकाळी काम केलं. अंगठ्याएवढे हिरवे फोक होते तिथं टायटॅनियमवाली झकास चालली. मनगटाच्या झटक्यात फोक खाली. पोलादी हातकुऱ्हाडीपेक्षा हात लवकर फिरतो, परत वर यायला जड जात नाही. अर्धा तास मी खूश होतो. फोटोही काढले.

मग मनगटाएवढ्या फांद्या आल्या. पोलादी हातकुऱ्हाडीला पाच-सहा घाव, हिला दहा-अकरा. घाव आत जायच्या ऐवजी वरच थांबायचा. वेड्या बाभळीचं लाकूड कसलं चिवट असतं ते तुम्हाला सांगायला नको. पोटरीएवढं खोड आलं तेव्हा मी हिला बाजूला ठेवली आणि मोठी कुऱ्हाड उचलली.

आणि खांदा? दुसऱ्या दिवशी उठलो तर हात वर होईना. जड कुऱ्हाडीनं दिवसभर काम करून होत नाही एवढं दुखलं.

यावर बसून विचार केला आणि पोराशी फोनवर बोललो, तो इंजिनियर आहे. त्यानं सांगितलेलं माझ्या भाषेत मांडतो. घावाची ताकद दोन गोष्टींतून येते, वजन आणि वेग. वेग वाढला तर ताकद वर्गानं वाढते, म्हणून जाहिरातवाले म्हणतात हलकी कुऱ्हाड जोरात फिरवा, हिशोब जुळतो. कागदावर जुळतो. वजन निम्मं झालं तर तोच घाव बसायला वेग १.४ पट लागतो. पण हा जास्तीचा वेग देणार कोण? खांदा. जड कुऱ्हाड आपण फक्त वर उचलतो, खाली ती स्वतःच्या वजनानं येते, आपण नुसती वाट दाखवतो. जुनी माणसं म्हणायची "कुऱ्हाडीला पडू दे, तू ढकलू नको". हलकी कुऱ्हाड पडत नाही, तिला प्रत्येक वेळी हाणावं लागतं. वर नेताना वाचलेले कष्ट खाली येताना दुपटीनं वसूल होतात. माझ्या खांद्यानं हेच सांगितलं.

दुसरी गोष्ट धारेची, आणि ही मला वजनापेक्षा मोठी वाटते.

धातूचा कडकपणा मोजायचं रॉकवेल नावाचं माप असतं. चांगल्या कुऱ्हाडीची धार त्यात साधारण ५० ते ५८ च्या दरम्यान असते. अवजारांना जे टायटॅनियम वापरतात त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं असतं, ते ३६ च्या आसपास. म्हणजे टायटॅनियम "पोलादापेक्षा कडक" ही समजूत चूक आहे. ते वजनाच्या मानानं बळकट आहे. वाकतं, परत सरळ होतं, सहजासहजी तुटत नाही. पण धार धरायला बळकटी वेगळी आणि कडकपणा वेगळा. दुसऱ्या सकाळी खोडात जुन्या कुंपणाची तार निघाली, झाडानं गिळलेली. टायटॅनियमच्या धारेला तिथं चांगलाच खळगा पडला. पोलादी कुऱ्हाडीलाही तारेनं दात पडला असता हे कबूल, पण एवढा नाही.

बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. म्हणून महागड्या टायटॅनियम कुऱ्हाडींच्या धारेवर कार्बाइडचा कडक थर चढवतात. म्हणजे परत तेच, अंग एका धातूचं आणि तोंड दुसऱ्याचं. फक्त आपला लोहार गेलेलं तोंड परत लावून देत होता. हा थर गेला की पोस्टानं अमेरिकेला पाठवायचा का?

लोहाराचं निघालंच तर सांगतो. आमचे मामा सत्तरी ओलांडलेले, बाजारच्या दिवशी अजून भाता पेटवतात. त्यांच्याकडे ही कुऱ्हाड नेली. आधी हातात तोलून बघितली, मग ऐरणीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाले, "ॲल्युमिनची हाय का?" कानस लावली तर कानशीचे दात भरून गेले, धातू चिकट. मग त्यांनी साणेच्या दगडाला जराशी टेकवली तर पांढऱ्याशुभ्र ठिणग्या, फुलबाजीसारख्या. लोखंडाची ठिणगी पिवळी-तांबूस असते, मामा ठिणगी बघून पोलादाची जात सांगतात. ही ठिणगी त्यांनी जन्मात बघितली नव्हती. "तापवून पाणी द्यू का?" म्हणाले. पोरानं आधीच बजावलं होतं म्हणून मी नको म्हटलं.

कारण असं, की टायटॅनियम उघड्या भट्टीत लाल केलं की ते हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन ओढून घेतं, आणि त्याचा वरचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. पोलादाला जसं तापवून पाण्यात बुडवून कडक करता येतं तसं ह्याला येत नाही. वेल्डिंगसुद्धा आर्गन वायूच्या आच्छादनात करावं लागतं. तुमच्या-माझ्या तालुक्यात मोडलेलं टायटॅनियम जोडून मिळणं अवघड. आणि एक सावधगिरी: ह्याची घासलेली भुकटी पेटते, आणि पेटली तर पाणी मारायचं नाही, भडका वाढतो. कोरडी वाळू टाकायची. मामांच्या साणेखाली पाण्याचं डबडं असतं, म्हणून मी एका टेकवण्यातच हात आवरला.

मला वाटतं शेतातल्या अवजाराची पहिली कसोटी ही आहे, की मोडल्यावर ते पाच कोसांच्या आत दुरुस्त होतं का. पन्नास-साठ रुपयांत मामा कुऱ्हाड शेवटून देतात आणि ती परत दोन हंगाम चालते. ट्रकचा पाटा आधी डोंगराघाटातून माल वाहतो, मग भंगारात येतो, मग त्याची कुऱ्हाड होते, कुऱ्हाड झिजली की खुरपं होतं. पुतण्याच्या कुऱ्हाडीची किंमत त्यानं सांगितली नाही. तिकडे अशा वस्तूंना शेकडो डॉलर पडतात एवढं मी शोधून काढलं.

इतकी महाग का, तर धातू दुर्मीळ आहे म्हणून नव्हे. तो आपल्या पायाखालीच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातसुद्धा टायटॅनियमचा अंश दोन टक्क्यांच्या आसपास असतो. रत्नागिरीच्या किनाऱ्याला काळी वाळू दिसते त्यात इल्मेनाइट असतं, ते ह्याचंच खनिज. केरळात चवऱ्याला तर त्या वाळूवर मोठा कारखाना आहे. भिंतीला लावतो त्या पांढऱ्या रंगात टायटॅनियमचीच भुकटी. पण खनिजातून धातू सोडवणं जिकिरीचं. आधी क्लोरीनबरोबर तापवून त्याचं द्रव संयुग करायचं, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमशी गाठ घालून धातू मोकळा करायचा, तो निघतो स्पंजासारखा भोकाभोकांचा. मग निर्वात भट्टीत वितळवायचा. लोखंड कोळशानं सुटतं, हे सुटत नाही. सगळी किंमत तिथं जाते.

एवढं वाचून कुणी म्हणेल तात्या जुन्या वळणाचे, नव्याला नावं ठेवतात. तसं नाही. ह्या धातूचा एक गुण आहे जो आपल्याला फार उपयोगी पडेल, फक्त कुऱ्हाडीत नाही. ते गंजत नाही. आणि "गंजत नाही" म्हणजे नुसतं पावसाळ्यात नाही.

मी बोर्डो करताना गंमत म्हणून एक प्रयोग केला. बोर्डो मिश्रण आम्लधर्मी राहिलंय का ते बघायला आपण स्वच्छ घासलेला विळा किंवा खुरपं त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला की चुना कमी पडलाय. त्या दिवशी खुरप्यावर तांबूस आलं. तेव्हाच ही कुऱ्हाड बुडवली, तर काही नाही, जशीच्या तशी. तेव्हा ही परीक्षा घ्यायची तर लोखंडच पाहिजे, कुणी टायटॅनियम बुडवून "मिश्रण चांगलं आहे" म्हणून फवारू नका, पानं जळतील. पण ह्यातून कळतं की मोरचूद असो की क्लोरीन, ह्या धातूला ढिम्म फरक पडत नाही.

आता डाळिंबवाल्यांनी लक्ष द्या. तेल्या आलेल्या बागेत छाटणी करताना कैची एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची असते. किती जण खरंच बुडवतात? सुरुवातीच्या दहा झाडांना बुडवतात, मग बादली मागं राहते. मजुराला विचारलं तर सांगतो, कैची गंजते, स्प्रिंग धरते, मुकादम ओरडतो. हे खोटं नाही. ते द्रावण लोखंड खातं, साध्या स्टेनलेसलाही खड्डे पाडतं. टायटॅनियमला ते काही करत नाही. वर कैची हे घाव घालायचं अवजार नाही, दाबायचं आहे. दिवसात हजारो वेळा मूठ मिटायची, आणि ते वजन सबंध दिवस मनगटावर. छाटणीच्या हंगामात आमच्याकडच्या बायकांची मनगटं सुजतात, रात्री भाकरी थापता येत नाही. इथं वजन आपल्या विरोधात काम करतं. मुठी, स्प्रिंग, खिळा टायटॅनियमचा आणि कापायचं पातं बदलता येणाऱ्या कडक पोलादाचं, अशी कैची कुणी परवडणाऱ्या भावात काढली तर मी पहिला घेईन. पातं गंजलं तर बदलू, ते पातं काही फार महाग नसतं. कृषी अवजारांवर काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनी कुऱ्हाडीचं सोडा, कैचीचं बघा.

ऊसतोडीच्या कोयत्याचंही एकानं मला विचारलं होतं. माझं उत्तर नाही. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, बुडख्यात साखर जास्त आणि खोडवाही चांगला फुटतो. जमिनीलगत म्हणजे पातं दर घावाला मातीला, वाळूला घासणार. टायटॅनियम घासण्यात लवकर झिजतं. दोन दिवसांत धार बोथट, मग तोडणारा वरून तोडणार आणि नुकसान दोघांचं.

शेवटी फसवणुकीचं. आमच्या वस्तीवरच्या एकानं फोनवर जाहिरात बघून "प्युअर टायटॅनियम" म्हणून सोनेरी कैच्यांची जोडी मागवली. पैसे चांगले मोजले. मी रेडिओतलं जुनं लोहचुंबक लावलं, टक्कन चिकटलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. म्हणजे आत साधं पोलाद, वर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा. हा मुलामा अगदीच खोटा नसतो, तो स्वतः फार कडक असतो, ड्रिलच्या बिटांवर देतात आणि तिथं उपयोगही होतो. पण असतो काही मायक्रॉनचा, केसाच्या जाडीपुढंही किरकोळ. एकदा तुम्ही कैची कानशीवर किंवा निसण्यावर घासलीत की धारेवरून तो गेला, मग उरलं ते साधं पोलाद. ते पोलाद चांगलं असेल तर कैची चांगली, नसेल तर नाही. सोनेरी रंगाला पैसे देऊ नका. आणि उलटं पण ध्यानात ठेवा: चुंबक चिकटलं नाही म्हणजे टायटॅनियमच, असंही नाही. ॲल्युमिनियमला चिकटत नाही, काही जातीच्या स्टेनलेसलाही चिकटत नाही. चुंबकानं खोटं पकडता येतं, खरं ठरवता येत नाही.

पुतण्याची कुऱ्हाड मी परत केलेली नाही. एवढ्या लांबून त्यानं काकाच्या खांद्यासाठी आणली, परत कशी देणार? ती फवारणीच्या पेटीत ठेवलीय. ठिबकच्या नळ्या कापायला, फोक सवळायला, मागच्या चोचीनं ड्रमचं झाकण उचकटायला एक नंबर आहे, आणि औषधाचे कितीही डाग पडले तरी पुसली की नवी. मोठ्या कुऱ्हाडीचं मात्र खांद्याच्या मानानं जमवलंय. मामांकडून पातं तेच ठेवून दांडा चार बोटं लांब करून घेतला, बाभळीचाच. आता हात डोक्याच्या वर न्यावा लागत नाही, कमरेतून वळून घाव घालतो. उन्हानं दांडा नेढ्यात जरा सैल झालाय, म्हणून पाचर ठोकून काल रात्रीपासून पाण्याच्या टाकीत उभी केलीय. उद्या पश्चिमेकडचा बांध घ्यायचाय.